चार दिवस पाऊस सांगितलाय, जायचं की नाही?

ताई,
पुढच्या आठवड्यात आम्ही चौघं गाडीने समुद्राकाठच्या रस्त्याने फिरायला निघालोय. मी, नवरा, अकरा वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. चार दिवस, रोज साधारण तीनशे किलोमीटर, शिवाय वाटेत बघायच्या जागांची नवऱ्याने केलेली भलीमोठी यादी. मुक्कामही ठरलेत. आता अंदाज बघितला तर चारही दिवस पाऊस. नवरा म्हणतो, पावसातच तर खरी मजा. माझ्या पोटात मात्र गोळा येतो. गेल्या वर्षी अशाच पावसात रस्त्यावर पाणी होतं, मी नको नको म्हणत असताना त्याने गाडी घातली. काही झालं नाही, पण पुढचे दोन तास आम्ही एकमेकांशी बोललो नाही. याही वेळी मी शेजारी बसून पायाखाली नसलेला ब्रेक दाबत राहणार आणि तो म्हणणार, "तू शांत बस, मला चालवू दे." रद्द करू या म्हटलं तर मुलगी रडली. सासूबाई काही बोलत नाहीत, पण बॅग सगळ्यात आधी त्यांचीच भरून झालीय. मी रडीचा डाव खेळतेय का?
— पायाखाली ब्रेक नसलेली

---

प्रिय मैत्रिणी,

गेल्या वर्षीच्या पाण्याबद्दल तुम्ही बरोबर होतात. 'काही झालं नाही' हा काही पुरावा नव्हे. सहल रद्द करण्याबाबत मात्र मी तुमच्या नवऱ्याच्या बाजूने आहे. आणि रोजच्या तीनशे किलोमीटरबाबत मी कुणाच्याच बाजूने नाही. तो आकडा घरी सोफ्यावर बसून, पंखा लावून काढलेला आहे.

समुद्राकाठचा रस्ता सरळ जात नाही. प्रत्येक खाडी आली की आत वळतो, पूल शोधतो, पुन्हा बाहेर येतो. प्रत्येक डोंगर आला की चढतो आणि वळणं घेत उतरतो. त्यात पाऊस असेल तर तासाला पस्तीस किलोमीटर पडले तरी खूप झालं. तीनशेला पस्तीसने भागा. साडेआठ तास निव्वळ गाडी चालवणं, त्यात खाणंपिणं, सासूबाईंचे पाय मोकळे करणं, मुलीचं 'मला मळमळतंय' आणि ती यादी धरलेलीच नाही. म्हणजे शेवटचे दोन-तीन तास अंधारात. अंधार, पाऊस आणि वळणाचा अनोळखी रस्ता हे तिन्ही एकत्र आले की समुद्र शेजारी असला काय आणि नसला काय.

हे मी अनुभवाने सांगतेय. एकदा मीच हट्टाने असं वेळापत्रक केलं होतं. त्या प्रवासातलं आज मला काय आठवतं सांगू? उजव्या वायपरचं फाटलेलं रबर. प्रत्येक फेरीला ते बरोबर चालवणाऱ्याच्या नजरेसमोर पाण्याची एक जाड रेघ सोडत होतं, आणि त्या रेघेच्या वरून बघू की खालून, यात आमची संध्याकाळ गेली. समुद्र डाव्या हाताला होता म्हणे.

तेव्हा पहिलं काम, अंतर निम्मं करा. मुक्काम ठरलेत म्हणून हे जमणार नाही असं नवरा म्हणेल. दोन तोडगे आहेत. चार गावांत एकेक रात्र राहण्याऐवजी दोन गावांत दोन-दोन रात्री राहता येतात का, हे विचारून बघा. आठवडा हातात आहे आणि पावसाळी दिवसांत खोल्या अडवून धरणारे कमी असतात. ते नाहीच जमलं तर मोठं अंतर आतल्या भागातल्या मोठ्या रस्त्याने कापा आणि दिवसातला सगळ्यात देखणा साठ-सत्तर किलोमीटरचा तुकडा तेवढा किनाऱ्याने करा, तोही सावकाश. अख्खा किनारा चाकाखाली घातलाच पाहिजे असं कुणी सांगितलेलं नाही. आणि ती यादी मुलीच्या हातात द्या. रोज दोन जागा तिने निवडायच्या, बाकीच्यांवर काट मारायची. मुलं या बाबतीत आपल्यापेक्षा निष्ठुर असतात.

आता ब्रेकचं बघू. तुमचं भांडण पावसावरून नाहीच. गाडी थांबवायचा अधिकार एकाच माणसाकडे आहे, बाकीच्यांकडे फक्त भीती आहे, हा खरा गुंता. त्यावर निघण्यापूर्वी, घरीच, चहाच्या टेबलावर एक नियम ठरवा: चौघांपैकी कुणीही 'थांबू या' म्हटलं की पुढच्या सुरक्षित जागी गाडी थांबेल. कारण विचारायचं नाही, सुस्कारा टाकायचा नाही, घड्याळ बघायचं नाही. पाच मिनिटांनी पुन्हा निघायचं. हा अधिकार सासूबाईंनाही आणि मुलीलाही. पहिल्या दिवशी तो दोनदा जास्त वापरला जाईल. जाऊ द्या. थांबता येतं हे एकदा कळलं की माणूस कमी वेळा थांबवतो. तुमचा तो अदृश्य ब्रेक तुम्ही दाबता, कारण खरा ब्रेक तुमच्या शब्दाला बांधलेला नाही.

पाण्याचा नियम वेगळा, त्यात मतदान नाही. रस्त्यावरून पाणी वाहतंय आणि खालचा डांबराचा पृष्ठभाग दिसत नाही, तर गाडी वळवायची. साधारण तीस सेंटिमीटर, म्हणजे शाळेतल्या पट्टीएवढं वाहतं पाणी छोटी गाडी वाहून नेऊ शकतं. साठ सेंटिमीटर असलं तर मोठ्या, उंच गाड्याही सुटत नाहीत. गाडी जड असते हे खरं, पण ती पोकळ डबाही असते. पाणी दारापर्यंत चढलं की तिचं रस्त्यावरचं वजन उतरतं, आणि मग बाजूने येणारा जोर तिला ढकलायला पुरतो. शिवाय गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की धुऊन गेलाय, हे वरून कळत नाही. गेल्या वर्षी तुमच्या नवऱ्याला त्या पाण्याची खोली माहीत नव्हती, एवढंच त्याला सांगा. ओरडून नको, भाजी निवडताना सांगतो तसं. आणि चुकून कधी पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा पुन्हा चावी फिरवायची नाही. इंजिनात पाणी ओढलं गेलं तर तिथेच मोडतोड होते. माणसं आधी बाहेर काढायची, गाडीचं नंतर.

नवऱ्याला न दुखावता सांगायच्या आणखी काही गोष्टी आहेत. पावसात पकड वाढावी म्हणून टायरमधली हवा थोडी कमी करतात, हा समज पक्का रुजलेला आहे आणि तो उलटा आहे. टायर पाणी बाजूला सारत रस्त्याला चिकटतो. वेग वाढला की पाणी सारायला वेळ पुरत नाही आणि टायर पाण्याच्या थरावर चढतो, मग स्टीअरिंग फिरवा नाहीतर ब्रेक मारा, गाडी ऐकत नाही. नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर केलेल्या कामातून याचं एक ठोकळ सूत्र निघालं. त्या हिशेबाने हवा ३२ असेल तर हे साधारण ताशी ९४ किलोमीटरला घडतं आणि २५ असेल तर ८३ लाच. म्हणजे हवा कमी केली की घसरण लवकर. टायरची नक्षी झिजलेली असेल तर त्याहूनही लवकर, म्हणून हे आकडे म्हणजे परवानगी समजू नका. स्टीअरिंग अचानक हलकं, लोण्यासारखं वाटलं तर पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचा, चाकं सरळ ठेवायची, ब्रेकवर उभं राहायचं नाही.

बऱ्याच दिवसांच्या खंडानंतर पडलेल्या पहिल्या सरीची सुरुवात सगळ्यात निसरडी असते. रस्त्यावरचं तेल आणि धूळ पाण्यात कालवली जाते, धुऊन जायला वेळ लागतो. तेवढा वेळ थांबलेलं बरं. पुढच्या गाडीपासून कोरड्यात दोन सेकंदांचं अंतर ठेवत असाल तर ओल्यात चार सेकंदांचं ठेवा. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की मोजायला लागा. हे काम मुलीला द्या, तिला आवडेल. आणि धो-धो पावसात चारही इंडिकेटर लावून गाडी चालवणारे जे महाभाग असतात त्यांच्यात सामील होऊ नका. त्याने तुम्ही वळताय की उभे आहात हेच मागच्याला कळत नाही. साधे दिवे, बीम खाली, बस्स.

तुमच्यासाठी खरं काम आहे ते काचेचं. समुद्राकाठी वारा खारं पाणी उडवत असतो, ते काचेवर वाळून पातळ साय धरते. दिवसा दिसत नाही. संध्याकाळी समोरून दिवे आले की अख्खी काच दुधाळ होते आणि वायपर ते दूध फक्त इकडून तिकडे फिरवतो. प्रत्येक थांब्यावर गोड्या पाण्याने काच धुवायची, मग पुसायची. दुसरं, आतून येणारी वाफ. चार माणसांचे श्वास, ओल्या छत्र्या, ओले मोजे, सगळं काचेवर येऊन बसतं. हाताने पुसलं की बोटांचे फराटे राहतात. बाहेरची हवा आत घ्यायची, एसी चालू ठेवायचा आणि थंडी वाजत असेल तर त्याचं तापमान वाढवायचं. एसी हवेतला ओलावा काढतो, तो फक्त गार करायला असतो असं नाही. ओले कपडे पिशवीत घालून डिकीत टाका. हे सगळं तुमच्या ताब्यात घ्या. हातांना काम मिळालं की पायाला ब्रेक आठवत नाही.

आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रकही तुमच्याकडे. सहलीचं दुसरं कुठलं वेळापत्रक मी मोडायला सांगेन, हे नाही. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते, आणि रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, म्हणजे चढउतार कमी. तुमच्या तारखा यात कुठे बसतात ते आधी बघा. वादळी हवेत हवेचा दाब कमी होतो तेव्हा समुद्राची पातळी आपोआप वर येते, दाब एक मिलिबार उतरला की अंदाजे एक सेंटिमीटर. त्यावर किनाऱ्याकडे वाहणारा वारा पाणी आणखी लोटतो. म्हणून उधाण, वादळ आणि भरतीची वेळ एकत्र आली तर किनाऱ्याला खेटून जाणाऱ्या सखल रस्त्यावर जायचं नाही, कितीही वेळा तिथून गेलेले असलात तरी. काही रस्ते तर भरतीचेच असतात. फ्रान्समध्ये नुआरमुतिए बेटाकडे जाणारा पासाज द्यू ग्वा हा चार किलोमीटरहून थोडा लांब रस्ता रोज दोनदा पाण्याखाली जातो. इंग्लंडमध्ये लिंडिसफार्न बेटाच्या रस्त्यावर ओलांडायच्या सुरक्षित वेळा लावलेल्या असतात, तरी 'अजून दहा मिनिटं आहेत' म्हणणाऱ्यांच्या गाड्या तिथे अडकतातच. तिथून सुटका करून आणलेली माणसं काही मूर्ख नसतात. बहुधा त्यांच्याकडेही एक यादी असते.

लाटांचं सांगते. अंदाजात 'लाटांची उंची तीन मीटर' असं असतं ते सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांच्या सरासरीचं असतं. एखादी लाट त्याच्या दुप्पट येऊ शकते. शिवाय मोठ्या लाटा गटाने येतात. मधली शांतता बघून माणूस खडकावर उतरतो आणि मग पुढचा गट येतो. तेव्हा खडकावर, जेट्टीवर, बांधावर जायचं नाही. गेलातच कुठे पाण्याजवळ, तर आधी पंधरा-वीस मिनिटं लांबून बघायचं, कोरडी जागा कोणती ते ठरवायचं, आणि समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन. दिसायला ते फेसासारखं दिसतं, एवढाच त्याचा दोष.

कड्याच्या टोकाचंही तसंच. ऑस्ट्रेलियात ग्रेट ओशन रोडवर लंडन ब्रिज नावाची खडकाची दुहेरी कमान होती. १५ जानेवारी १९९० ला तिचा किनाऱ्याकडचा भाग कोसळला आणि पलीकडे दोन माणसं अडकली. त्यांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं. दोघंही सुखरूप होते. पण मिनिटापूर्वी ती त्याच कमानीवरून चालत गेली असतील, हे मनात आलं की माझे तळवे अजून ओले होतात. खाली पोकळ आहे की भरीव, हे वर उभं राहून कळत नाही.

डोंगर कापून काढलेल्या किनारी रस्त्याला दोन्हीकडून मार असतो. खालून लाटा पायथा खातात, वरून पाऊस मुरतो. आणि मुरलेलं पाणी लगेच बोलत नाही. कॅलिफोर्नियात 'बिग सर' नावाच्या डोंगराळ किनाऱ्यावर मड क्रीक इथे २० मे २०१७ ला जी प्रचंड दरड आली, ती पावसाळी हिवाळा उलटून गेल्यावर. सुमारे चारशे मीटर रस्ता मातीखाली गेला आणि तो पुन्हा सुरू व्हायला जुलै २०१८ उजाडला. तेव्हा 'पाऊस थांबला, चला निघू' हा डोंगराच्या बाबतीत हिशेब नाही. रात्रभर झोडपलं असेल तर सकाळी रस्त्याची खबर घ्या. रस्त्यावर ताजे खडे पडलेले दिसले, रोज स्वच्छ वाहणारा ओहोळ अचानक चहासारखा झाला, डांबराला नवी भेग दिसली किंवा झाड तिरकं झालेलं दिसलं तर तिथे फोटोला थांबायचं नाही. मागे फिरायचं. आणि जेवायला, आराम करायला थांबाल ते कड्याच्या कुशीत नको, मोकळ्यावर थांबा.

एवढं वाचून नवरा म्हणेल, "मग घरीच बसू या ना!" म्हणून पुढचं त्याला वाचून दाखवा.

त्या फाटक्या रबराच्या प्रवासानंतर काही वर्षांनी आम्ही एका उंचवट्यावर, रस्त्यापासून आत, रुंद जागी गाडी उभी केली होती. कुठे पोचायचं नव्हतं. समुद्रावर लांब एक करडी भिंत दिसत होती. ती भिंत म्हणजे सर. ती चालत आली. आधी लांबचं पाणी काळपट झालं, मग त्याच्यावर बारीक काटा उभा राहिल्यासारखं दिसलं, मग होडीएवढ्या एका खडकाचा रंग बदलला, आणि मग टपावर पहिला थेंब वाजला. खालच्या वाळूवर पंचवीस-तीस समुद्रपक्षी बसले होते, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, वाऱ्याकडे. सर येताना एकही उडाला नाही. फक्त माना आखडल्या. वीस मिनिटांनी सर आमच्यावरून डोंगराकडे निघून गेली आणि हवा इतकी धुतलेली होती की लांबच्या टोकावरची झाडं एकेक मोजता येत होती. गाडीत कुणी बोललं नाही. हे न बोलणं तुमच्या गेल्या वर्षीच्या दोन तासांपेक्षा निराळं होतं.

हे दिसतं ते थांबलेल्या माणसाला. कोरड्या, चकचकीत दिवशी समुद्र निळा असतो, तो कॅलेंडरवरही असतो. पावसात तो दर दहा मिनिटांनी वेगळा असतो, पण चालवणाऱ्याला तो बघायची परवानगी नाही. म्हणूनही थांबायचं. तुमच्या नवऱ्याला पावसाची मजा हवीय ना, मग त्याच्याही वाट्याला ती स्टीअरिंग सोडल्यावरच येणार आहे. तुम्हाला गाडी येत असेल तर रोजचा तास-दीड तास तुम्ही चालवा. तोही पायाखालचा ब्रेक शोधताना दिसेल, आणि तेव्हा हसायचं नाही. (थोडं हसलात तरी चालेल.)

जिथे गाड्या डावीकडून चालतात तिथे समुद्र डाव्या हाताला राहील अशा दिशेने जा, उजवीकडून चालतात तिथे उलट. म्हणजे बघायला थांबताना समोरून येणाऱ्या गाड्यांची रांग कापावी लागत नाही. पण मग दरीच्या बाजूला तुम्ही बसणार. वळणांवर तुमच्या पोटातला गोळा मोठा होणार असेल तर त्या तुकड्यापुरत्या मागे बसा आणि सासूबाईंना पुढे बसवा. पुढच्या सीटवर मळमळही कमी होते, नजर लांब क्षितिजावर ठेवता येते. मुलीला वळणांवर मोबाइल देऊ नका, त्याने हमखास उलटी होते.

सासूबाईंबद्दल तुम्ही दोनच वाक्यं लिहिलीत, पण मला सगळ्या पत्रात तीच लक्षात राहिली. सगळ्यात आधी बॅग भरणाऱ्या माणसाला 'तुम्हाला झेपेल का?' असं विचारू नका. 'तुम्हाला काय बघायचंय?' असं विचारा. कदाचित त्यांना तुमच्या यादीतलं काहीच बघायचं नसेल, नुसतं खिडकीशी बसायचं असेल. त्यांची औषधं, कोरडे मोजे आणि एक जाड टॉवेल डिकीत न टाकता हाताशी ठेवा.

मुलीला इंद्रधनुष्य शोधायला सांगा, पण नुसतं 'बघ हं' नको. सूर्याकडे पाठ करायची आणि सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांच्या खाली हवा. त्याहून वर असेल तर सपाट जमिनीवरून इंद्रधनुष्य दिसत नाही, म्हणून ऐन दुपारी शोधणं बहुतेक ठिकाणी फुकट. मग समुद्र पश्चिमेला असेल तर ते समुद्रावर सकाळी दिसेल की संध्याकाळी? तिला सोडवू दे. उत्तर तिने काढलं की निघायची वेळही तीच ठरवेल आणि तुमच्या नवऱ्याला तिच्याशी वाद घालता येणार नाही.

वादळाचा इशारा असेल, रस्ता बंद केलेला असेल किंवा तिथल्या प्रशासनाने जाऊ नका म्हटलं असेल, तर मात्र जायचं नाही. तेव्हा मुलगी रडली तरी चालेल. नुसता पाऊस सांगितला असेल तर निघा. सांगितलेल्या पावसातला बराचसा सरींचा असतो आणि सरींच्या मध्ये फटी असतात. निम्मं अंतर ठेवलंत तर त्या फटी तुम्हाला सापडतील.

परत आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, मीठ लोखंड खातं. आणि वायपरची रबरं आजच बदला. उद्या म्हणाल तर राहून जाईल.

— ताई